नीलगडच्या राणीची नथ

१

राणीच्या नाकात नथ नव्हती.

हे सर्वांत आधी पद्मजाबाईंच्या लक्षात आलं, कारण नटांच्या तोंडाकडे टक लावून बसणं हेच त्यांचं काम होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी 'नीलगडची राणी' हे नाटक लिहिलं होतं, आणि स्वतःचं लिखाण आपल्याला मोठ्यानं वाचता येत नाही म्हणून विंगेत स्टुलावर बसून त्या ते दुसऱ्यांना हळू आवाजात पुरवीत. रंगीत तालीम चालू होती. सैनिक आणि दरबारी उद्या प्रयोगाला यायचे होते. आज ताम्रगडचा दरबार म्हणजे चार खुर्च्या आणि एक जरीची चादर. चौथा अंक सुरू झाला, बंदिवान राणी मयूरा सिंहासनाच्या पायरीशी येऊन उभी राहिली, आणि चेहऱ्यात काहीतरी कमी आहे असं बाईंना वाटलं.

पाठोपाठ ताम्रगडच्या राजालाही ते दिसलं. राजा म्हणजे दिनानाथराव गुप्ते, अंबरनाथच्या एका कारखान्यातले बडे अधिकारी आणि कॉलनीच्या क्लबचे चिटणीस. राणी म्हणजे त्यांची बायको, बकुळा.

"नथ कुठाय?" राजानं मुकुट काढत विचारलं.

बकुळेचा हात नाकाकडे गेला. "तिसऱ्या अंकानंतर तोंडावर पाणी मारायला काढली होती. आरशापाशी, वाटीत ठेवली."

वाटी रिकामी होती.

ती नाटकाची खोटी नथ असती तर कुणी मान वर केली नसती. पण ही गुप्त्यांच्या घरची नथ, बसरा मोत्यांची. घरातली प्रत्येक मुलगी, प्रत्येक सून हीच नथ घालून बोहल्यावर चढलेली. "माझी राणी काचेचे मणी घालून सिंहासनावर बसणार नाही," असं म्हणून दिनानाथरावांनी ती आज कपाटातून स्वतः काढून दिली होती.

त्यांनी सरळ जाऊन दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या शेल्यात खोचली.

"नथ मिळेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही."

जायचं म्हटलं तरी जाणार कुठून? उल्हासनगर कॅम्प पाचमधली ती लष्कराच्या वेळची बराक. दार एकच, खिडक्यांना लोखंडी जाळ्या, वर तापलेले पत्रे. चैत्रातली दुपार आत कोंडून राहिली होती.

"रंगपटात नंतर कोण गेलं होतं?"

"मी गेलते," राणीच्या दासीचा वेश घातलेली चंद्री म्हणाली. "वैनींना पाणी न्यायला."

चंद्री ही गुप्त्यांच्या घरी धुण्याभांड्याला असलेली मुलगी, बदलापूरपलीकडच्या डोंगरातल्या ठाकरांच्या पाड्यावरची. दासीचं काम करायला कुणी मिळेना म्हणून तिला उभं केलेलं. दिनानाथरावांनी तिचं मनगट धरलं आणि मागच्या कोठीत ढकलून कडी लावली. मग खिडकीच्या जाळीतून त्यांनी बाहेरच्या सिंधी चहावाल्याला हाक मारली.

"भाई, चौकीपर जाके बोलो, हवालदार भेजो. चोर पकडा है."

चहावाल्याच्या भट्टीपाशी लाकडाची मोळी टाकणारा एक माणूस ते ऐकत उभा होता. त्यानं जाळीतून आत पाहिलं, आणि लगबगीनं चालायला लागला.

कोठीच्या दाराच्या फटीतून तो दिसला, तशी चंद्रीची किंकाळी आली. "सखा! सखा, थांब रं!"

२

"कोण हा सखा?" पद्मजाबाईंनी कोठीच्या फटीशी तोंड नेऊन विचारलं.

"आमच्या पाड्यावरचा. आता तो जाऊन समद्यांना सांगल, चंद्रीला चोरीत धरली. बाई, माजं लगीन ठरलंय. वांगणीकडचा पोरगा हाय. चौकीत गेलेली पोर कोन घरात घेनार?"

"तू घेतलीस का नथ?"

"नाय घेतली. मी तं वाटीकडं बगितलं बी नाय."

बाई दिनानाथरावांकडे वळल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच खाली होता. "दिनानाथराव, हवालदार येईपर्यंत मी दोनचार प्रश्न विचारले तर चालेल?"

"बाई, तुम्ही वाक्यं पुरवा. चोर मी पकडलाय."

"ती एकटीच आत गेली होती का, एवढंच..."

"ऐका." ते खुर्चीत बसले. "तिसऱ्या अंकात नथ बकुळेच्या नाकात होती. मी समोर उभा होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिली. तुम्हीही पाहिलीत. म्हणजे त्याआधी जे गेले ते सुटले. मीनल दुसऱ्या अंकानंतर डोकं दुखतंय म्हणून घरी गेली, मीच जा म्हटलं. तो माइकवाला गोप तर तिच्याही आधी गेला. राहिलो आपण पाचजण आणि ती. मधू पूर्ण वेळ माझ्याबरोबर स्टेजवर होता. उमा कपड्यांच्या घड्या करत रंगपटाबाहेर बसली होती. आणखी काय हवं?"

मीनल त्यांची धाकटी बहीण, नाटकातली राजकन्या. बाईंची एके काळची विद्यार्थिनी. तिच्यासाठी दिनानाथरावांनी दादरचं स्थळ पक्कं केलं होतं. पसंत आहे का, हे तिला कुणी विचारल्याचं बाईंच्या ऐकिवात नव्हतं.

हिशेब चोख होता. त्यात फट दिसेना. आपल्याला उगीच वाटतंय, असं बाईंनी स्वतःला सांगून पाहिलं. तरी काहीतरी टोचत होतं. डोळ्यांना नव्हे, कानांना.

तेवढ्यात मधू खिडकीकडे सरकला. कारखान्यातला टायपिस्ट, नाटकातला ताम्रगडचा राजपुत्र. त्याच्या अंगरख्याचा डावा खिसा फुगलेला होता, आणि त्यावर तो हात दाबून धरत होता.

"मधू," बाई म्हणाल्या, "खिशात काय आहे?"

मधूनं खिशावरचा हात आणखी घट्ट दाबला.

३

"काही नाही बाई."

"काढ बाहेर!" राजा गरजला.

मधूनं खिशात हात घातला आणि चहावाल्याकडचा अर्धा चुरा झालेला पकवान, डाळीबरोबर खायची ती कडक सिंधी पुरी, बाहेर काढला. त्याच्या मागोमाग डाळीचा ओला डाग.

"भूक लागली होती ना यार," तो बाईंकडे बघून रडवेल्या आवाजात म्हणाला. "साहेब बोलले, ड्रेसला डाग पडला तर बघ. म्हणून लपवला. आता तर पडलाच."

उमा फिस्सकन हसली आणि दिनानाथरावांच्या नजरेनं गप्प झाली. ती शेजारच्या बराकीत राहणारी, शिवणकामावर घर चालवणारी बाई. नाटकाचे कपडे आणि रंग तिच्याकडे होते.

"मधू, तिसऱ्या अंकात तू राणीच्या अगदी जवळ असतोस. नथ होती?"

"होती की. कसली चमकत होती! मान हलवली की लाईट मारायची डोळ्यात."

"पहिल्या अंकातपण मारत होती?"

मधूनं डोकं खाजवलं. "पहिल्यात माझं लक्ष माझ्या वाक्यांवर होतं. पण बाई, वहिनींना सर्दी झाली ना मधेच? 'माझ्या माहेरचं चांदणं' म्हणताना असं ऐकू आलं, जसं कुणी नाक धरून बोलतंय. माइकमधे तर आणखीच. मला वाटलं गोपचं मशीन बिघडलं."

बाई थबकल्या. तेच, कानांना टोचणारं.

पहिल्या दोन अंकांत बकुळेचा आवाज घंटेसारखा स्वच्छ होता. तिसऱ्यात प्रत्येक अनुनासिक कोंडल्यासारखं झालं होतं. अंक संपल्यावर बाईंनी विचारलंही होतं, सर्दी का गं? बकुळेनं नुसती मान हलवली होती. आणि आत्ता, वाटीत ठेवली म्हणताना, तिचा आवाज पुन्हा स्वच्छ होता. तासाभरात येऊन जाणारी सर्दी कुठली?

"मशिनवर कोण होतं मग?"

"मीच. स्टेजच्या कडेलाच तर आहे, गोप मला बटणं दाखवून गेला. कल्याणला बॅटरी आणतो म्हणाला." मधू हसला. "नाहीतर आपल्या मशिनला हात लावू देतो काय तो! मागे मी नुसतं फुंकर मारून बघितलं तर मारायला उठला होता."

बाईंनी ते मनात ठेवलं आणि उमाकडे वळल्या.

"उमा, नथ तू घालून दिलीस?"

"सकाळी मीच. केवढा त्रास! जुना फासा, ताठ झालेला. खोबरेल लावलं तेव्हा कुठे भोकातून सरकला, वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या अंकानंतर रंग पुसायला वहिनींनी ती काढली. परत घालायला मी उठले, तर म्हणाल्या, तू चहा घे, माझी मी घालते. आणि लगेच घालून आल्याही! मी म्हटलं, बरं झालं, फासा सैल झाला."

बाई हळूच उठल्या. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या राणीच्या शेजारी त्या जाऊन बसल्या, तिच्या डोक्यावरचा पदर जरा मागे सारला, आणि नाकाकडे पाहिलं.

४

डाव्या नाकपुडीवर, गुलाबी रंगाच्या थरात, चिमटा काढल्यासारखा एक लालसर वण होता. भोकापासून चांगला बाजूला. तसाच दुसरा आतल्या कडेला.

बाई उठल्या. त्या नाटकाच्या दागिन्यांच्या पेटीपाशी गेल्या. पेटी सगळ्यांनी दोनदा उपसली होती, बसरा मोती शोधत. खोट्या नथींकडे कोण बघणार? क्लबच्या नथी सगळ्या दाबाच्या; पुरुष बायकांची कामं करत तेव्हापासूनच्या, नाक न टोचलेल्यांसाठी केलेल्या. चिमट्यासारख्या नाकपुडीवर बसतात आणि श्वास अर्धा करून टाकतात. बाईंनी एकेक उचलून पाहिली. एकीच्या चिमट्याला ओला गुलाबी रंग चिकटलेला होता. तो रंग उमानं आज दोघींनाच लावला होता: राणीला आणि राजकन्येला. आणि कुमारी राजकन्येच्या नाकात नथ नसते, हे बाईंनी स्वतःच लिहून ठेवलं होतं.

तेव्हा तिसऱ्या अंकात दिनानाथरावांनी आपल्या डोळ्यांनी पाहिली ती ही नथ. खरी तेव्हा बराकीत नव्हतीच. दुसऱ्या अंकानंतर एकच माणूस बाहेर गेलं होतं.

पेटीच्या कडेवर हात ठेवून बाई तशाच बसून राहिल्या. हे सगळं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. वाचलं नव्हतं, लिहिलं होतं!

नीलगड आणि ताम्रगड, दोन हाडवैरी दरबार. नीलगडचे लोक चांदणं रांजणात साठवतात, ताम्रगडचा राजा ते लुटून नेतो, आणि रांजणांबरोबर तिथली राणीही. राणी जगते ती हसून, मान डोलावून, राजाला वाटू देऊन की त्याच्या मनासारखं चाललंय. आणि तिसऱ्या अंकात ती दरबारात सर्वांच्या नजरेसमोर सजूनधजून बसते, एवढ्याचसाठी की राजकन्या केव्हाच निसटली हे कुणाला कळू नये.

तो अंक लिहिताना बाईंना आपलीच कमाल वाटली होती. बकुळेनं तो पाठ केला होता. पाठ करता करता खरा मानला होता.

आणि चौथा अंक? त्यात चिडलेला राजा ओरडतो, "दासीला कोठडीत टाका!" मग युद्ध, मग प्रेमिकांची भेट, मग पडदा. दासीचं पुढे काय झालं? बाईंनी आठवून पाहिलं. त्यांनी तिला बाहेर काढलंच नव्हतं. लिहायचं सुचलंच नव्हतं.

बाहेर सायकलची घंटी वाजली. खिडकीतून चहावाल्याचा आवाज आला.

"साईं, हवालदार आ रहा है!"

५

"बकुळा," बाई तिच्या कानाशी म्हणाल्या, "लग्न केव्हा लागतंय?"

बकुळेनं दचकून पाहिलं, मग बाईंच्या मुठीतली नथ पाहिली. तिनं डोळे मिटले.

"दिवेलागणीला. बाई, पाया पडते, तोवर थांबा. ह्यांच्याकडे मोटार आहे. आत्ता कळलं तर हे गावोगाव शोधून तिला मांडवातून ओढून आणतील."

"नथ कशाला दिलीस?"

"तिच्या आईची नथ. तिनं दुसरं काही मागितलं नाही. म्हणाली, वहिनी, मी पळून चाललेय असं मला वाटायला नको, मी गुप्त्यांची मुलगी म्हणून बोहल्यावर उभी राहणार. नथ नाहीशी झाली हे संध्याकाळी घरी कळलं असतं तर आधी तिचंच नाव आलं असतं. म्हणून तिच्या माघारी ती माझ्या नाकात दिसायला हवी होती."

"आणि नंतर हरवायला."

"फळ्यांच्या फटीत पडली म्हणतील, रात्रभर फळ्या उचकटतील, असं वाटलं होतं." बकुळेचा आवाज फाटला. "चंद्रीचं माझ्या डोक्यातच आलं नाही हो."

"माझ्याही नाही आलं," बाई म्हणाल्या.

बकुळेला त्याचा अर्थ लागला नाही. ती कोठीकडे बघत होती. आतून आता रडणंही ऐकू येत नव्हतं.

"मी बोलले तर मीनलचं मोडेल. नाही बोलले तर हिचं. मी काय करू, सांगा ना. तुम्ही सांगाल तसं करते."

आयुष्यभर बाईंनी अडलेल्यांना शब्द पुरवले होते. आता मात्र त्यांच्यापाशी शब्द नव्हता. बकुळेनं तोंड उघडलं तर एका मुलीला घरी ओढून आणणार, मिटलं तर दुसरीला चौकीत नेणार. दोन्हीकडून बंद.

दारावर काठी आपटली. "उघडा! कोण चोर आहे?"

दिनानाथरावांनी कुलूप काढलं. घामेजलेला हवालदार आत आला, मुकुट, चामर, जरीची चादर बघून क्षणभर बावरला, आणि मग त्यानं कोठीच्या कडीला हात घातला.

"थांबा," पद्मजाबाई म्हणाल्या.

इतक्या मोठ्यानं त्या कधी बोलल्या नव्हत्या. सगळे वळले. त्यांनी मूठ उघडली. "तिसऱ्या अंकात बकुळेच्या नाकात ही नथ होती. दाबाची. हिच्यामुळेच तिचा आवाज कोंडला होता, मधूलाही तो कळला. बकुळेच्या नाकावर वण आहे, बघा. खरी नथ त्याआधीच गेली होती. चंद्रीनं चोरायला तिथे काही नव्हतंच."

"मग खरी कुणी नेली?" दिनानाथराव उठून उभे राहिले. "बाई, मी विचारतोय. कुणी?"

बाईंच्या ओठांपर्यंत नाव आलं आणि तिथेच अडलं.

६

"मी दिली," बकुळा म्हणाली.

ती उभी राहिली होती. "मीनलला दिली. तिच्या लग्नासाठी. ती घरी नाही गेलेली."

मग दिनानाथराव हळू आवाजात बोलले, आणि त्यांचा तो हळू आवाज ओरडण्याहून वाईट होता. "कुठे आहे ती?"

"मला माहीत नाही."

"बकुळा!"

"खरंच माहीत नाही. गाव विचारलं नाही, देऊळ विचारलं नाही. मला माहीत असतं तर तुम्ही ते माझ्याकडून काढून घेतलं असतं. आजवर सगळं असंच काढून घेतलंत."

"मुलगा कोण?" ते बाईंवर उलटले. "एवढं सगळं ओळखलंत, हेही ओळखलं असेल. कोण आहे तो?"

स्टेजच्या कडेला गोपचं मशीन होतं, मधूच्या हाती सोडून गेलेलं. कल्याणहून अजून न आलेली बॅटरी. बाईंनी तिकडे बघायचं कटाक्षानं टाळलं.

"ते मात्र मला नाही कळलं, दिनानाथराव," त्या म्हणाल्या. "तेवढी हुशारी नाही माझ्यात."

हवालदार कंटाळला होता. "साहेब, तक्रार कोणाची लिहायची? कोणावर?"

दिनानाथराव बघत राहिले. बायकोवर? पळालेल्या बहिणीवर? लिहायचं म्हणजे उद्या सगळ्या कॉलनीनं वाचायचं. त्यांचा तांबडा अंगरखा घामानं पाठीला चिकटला होता. "तक्रार नाही," ते शेवटी म्हणाले. मग बायकोकडे न बघता, "माझ्या घराचं दार तुला बंद झालं, समज," असं म्हणून बाहेर पडले. मोटार स्टेशनच्या दिशेनं गेल्याचा आवाज आला. ती कुठल्या गावाला जाणार, हे तिच्या मालकालाही ठाऊक नव्हतं.

कोठीची कडी बाईंनीच काढली. चंद्री उंबऱ्यात उभी राहिली. दासीची ओढणी तिनं केव्हाच काढून कोपऱ्यात फेकली होती. तिनं आतून सगळं ऐकलं होतं.

बकुळा पुढे झाली. "चंद्री, माझी चूक झाली गं."

चंद्रीनं हात मागे घेतला. "तुमी बोलल्या, वैनी. पन सखा कवाच गेला. त्यानं चोर पकडला येवढंच ऐकलंय. आता मी पाड्यावर जाऊन सांगितलं का मी नाय चोरली, तं समदे म्हननार, चोर आसंच म्हंते."

मधूनं पकवानाचा उरलेला तुकडा पुन्हा खिशात टाकला आणि मान खाली घातली. चंद्री दाराकडे निघाली.

"थांब," बकुळा म्हणाली. तिनं सिंहासनापाशी ठेवलेल्या चपला उचलल्या, जरीचा शेला उमाच्या हातात दिला. आतलं साधं लुगडं घामानं भिजलेलं होतं. "मी येते तुझ्याबरोबर. तुझ्या बापाला मी सांगते. वांगणीच्या माणसांना बोलवा, त्यांनाही सांगते. सगळ्या पाड्यासमोर सांगते, कुणी कुणाला दिली ते."

"वहिनी, मी येऊ का?" उमानं विचारलं.

"नको. मी एकटीनं सांगायला हवं."

चंद्रीनं तिला खालून वर न्याहाळलं. नाकावरचा वण अजून उतरला नव्हता, तोंडावर राणीचा गुलाबी रंग ओघळत होता.

"लई लांब हाय," ती म्हणाली. "बदलापूरपासनं म्होरं समदा चढ. चालवंल तुमास्नी?"

"नाही चालवलं तर बसेन, आणि परत उठेन."

"तोंड धुवा मग आदी," चंद्री म्हणाली. "पोरं भितील."

उमानं तांब्या आणला. दारातच वाकून बकुळेनं तोंड धुतलं, पदरानं पुसलं, आणि दोघी उन्हात उतरल्या. चंद्री पुढे, तिच्या मागे बकुळा. पद्मजाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. बराकींच्या रांगा संपल्या तिथे चंद्री थांबली, मागची बरोबरीला येईपर्यंत थांबली, आणि मग दोघी एकमेकींशेजारून डोंगराकडच्या रस्त्याला लागल्या.